तट न पडल्याची हकीकत

॥ श्रीनाददेवता प्रसन्न ॥ आधी कानास नमन, मग जिव्हेस, मग ज्यांनी रविवारी सकाळी चहा निवू देऊन रेडिओ ऐकिला त्या समस्त श्रोतेजनांस नमन. साहेबी पुसिले की, शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीयेस राज्यास वेढा पडला तो कैसा उठला, ते खरे खरे लिहिणे. त्यास सेवक डोळां देखिले ते लिहितो, आणि जेथे राग आला तेथे रागासह लिहितो.

हे राज्य हवेतले. त्यास घोडदळ नाही, पायदळ नाही. काळ्या दगडाची एक जुनी इमारत, तीत स्टुडिओ, आणि शेजारी उंच मनोरा, त्यावरोन आवाज निघे तो घरोघरी रेडिओत उतरे. या राज्यात नाट्यविभागाचे सुभेदार विश्रामपंत ठोंबरे. अंगाने किरकोळ, स्वभावे घाबरट, परंतु हट्टास पेटले म्हणजे देवाचेही ऐकणार नाहीत. त्यांनी अकरा वर्षे अर्ज करोन सव्वीस भागांची श्रुतिका मंजूर करविली. तीत आजच्या काळची एक प्राध्यापिका कालयंत्रात बसोन साडेतीनशे वर्षे मागे जाते आणि वेढा पडलेल्या गडावर उतरते. तिने पुस्तकात वाचिले असते की, नवव्या दिवशी तट पडला आणि गड गेला. म्हणोन ती किल्लेदारणीस परोपरीने विनविते की, माणसे घेऊन निघा. किल्लेदारीण ऐकत नाही. प्राध्यापिकेचे सोंग केतकी सावे यांचे, आणि किल्लेदारणीचे इंदुमतीबाई गोगटे यांचे. बाईंचे वय एकाहत्तर, चाळीस वर्षे मायक्रोफोनपुढे उभ्या, आणि ही अखेरची भूमिका ऐसे त्यांनी स्वमुखे सांगितले होते.

पंचवीस भाग ध्वनिमुद्रित जाहले आणि वरिष्ठ दरबाराची आज्ञा आली की, जुनी इमारत पाडोन नवी बांधणे, आणि जी श्रुतिका अपुरी राहील ती प्रसारित होणार नाही. दरबारास पाडण्याची घाई मोठी. ऐकण्याची कधीच नव्हती. मग तृतीयेस सकाळी पावणेअकरास विश्रामपंतांनी अखेरचा भाग मुद्रित करावयास घेतला, आणि अकरास मुकादम भिवा पवार आपणासुद्धा बारा असामी, कुदळी आणि घण घेऊन दरवाजाशी येऊन ठेपला.

परंतु या राज्याचा कदीम रिवाज ऐसा की, स्टुडिओच्या दारावर तांबडा दिवा लागला म्हणजे कोणी आत जाऊ नये, कोणी बोलू नये, खोकला आला तर गिळावा. पहारेकरी तुकाराम याने ओठांवर बोट ठेवोन दिवा दाखविला. भिवाने पुसिले, "किती येळ?" तुकाराम कानाशी लागोन बोलिला, "दिवा इझंपत्तुर." मग बारा असामी घण खांद्यास लावोन भिंतीसारिखे उभे राहिले. तो काय, एक तांबडा दिवा. परंतु त्याने बारा घण थोपविले.

आत मात्र अनर्थ ओढवला. तट फुटण्याचा प्रसंग आला आणि ध्वनिसंयोजक नारायण कासार हा पांढरा पडला; कारण की स्फोटांच्या आणि घणांच्या आवाजाच्या फिती दरबारी माणसांनी आदले दिवशीच पेट्यांत भरोन नेल्या होत्या. त्याने पत्रा वाजवोन पाहिला, तो स्वयंपाकघरात डबा पडल्यासारिखा वाजला. थांबावे तर दिवा विझवावा लागे, आणि दिवा विझला की भिवा आत. विश्रामपंतांचे डोळे पाण्याने भरले. अकरा वर्षांचा जीव एका घणापाशी अडकला. मग त्यांस काय स्फुरले कोण जाणे, त्यांनी दिवा तैसाच ठेविला, दार हळूच उघडले आणि भिवास हाताने आत बोलाविले.

भिवाने वहाणा बाहेर काढिल्या, असामींनीही काढिल्या, आणि सर्व अनवाणी पावली आत आले. विश्रामपंतांनी खुणेने मागील भिंत दाखविली, जी त्यांस त्या दिवशी पाडावयाचीच होती, आणि घण मारण्याचा अभिनय ऐसा केला की केतकीबाईंस हसू आवरेना. भिवा समजला. मग विश्रामपंतांचा हात खाली येताच बारा घण एकदम पडले आणि सारी इमारत दणाणली. नारायणाने आनंदाने आपलेच कान धरिले.

लिहिल्या बरहुकूम दहा घावांनंतर तट पडावा, त्याकारणे नारायण फुटक्या कौलांची पाटी उचलोन ओतावयास सिद्ध उभा. दहा घाव जाहले. पंधरा जाहले. वीस जाहले. भिंतीवरील गोणपाट फाटले, चुना उडाला, परंतु काळा दगड केसभरही हलला नाही. विश्रामपंतांनी 'ओत' म्हणोन खूण केली, आणि नारायणाने पाटी कलती केली, आणि इंदुमतीबाईंनी झट्‌दिशी त्याचे मनगट धरिले.

बाईंनी हातातील कागद खाली टाकिला आणि मायक्रोफोनपुढे बोलिल्या, "ऐका! ऐकलंत का, बाई? घाव पडताहेत, तट पडत नाही. तुमच्या पुस्तकात आज गड जातो ना? मग तुमचं पुस्तक खोटं!"

केतकीबाईंपाशी याचे उत्तर लिहिलेले नव्हते. त्यांनीही कागद टाकिला आणि त्या म्हणाल्या, "पण मग... मी परत जाऊन काय वाचू?"

"आधी ही तेलाची कढई धरा. काय लिहायचं ते मागाहून बघू. तट उभा आहे! नगारा वाजवा!"

नारायणाने कौले अलगद जमिनीवर ठेविली, रिती पाटी पालथी केली आणि तीच बडविली. आणि काय सांगावे, भिवा मुकादम बाईंच्या मुखाकडे पाहात होता, त्याने आपण होऊन घण खाली टाकिला. ते पाहोन बाकीच्यांनीही टाकिले, त्याचा खणखणाट ऐसा जाहला की हत्यारे टाकिली हे आंधळ्यासही दिसावे. मग भिवा वळला आणि मोठ्याने ओरडला, "पळा रं, पळा! गड पडत न्हाई!" आणि बारा जण अनवाणी धावत सुटले. रिवाज मोडला, परंतु ऐसा सुरेख मोडला की विश्रामपंतांनी त्याच आरोळीवर श्रुतिका संपविली आणि जमिनीवरच बैसले आणि लहान मुलासारिखे रडले. बाईंनी त्यांच्या पाठीवरोन हात फिरविला. कोपऱ्यात उभा हा सेवकही रडला, ते लपवीत नाही.

मागाहून पुसता भिवा म्हणाला, "आवो, भिंत हालंना, आन बाई आसं बोलल्या. मंग हुबं ऱ्हाऊन करावं काय?"

अखेरचा भाग प्रसारित जाहला ते दिवशी भिवाच्या वस्तीत रेडिओभोवती गर्दी, आणि आरोळी येताच प्रत्येक जण 'तो मी' म्हणोन छाती ठोके. पराभवाचा इतका मान कोणत्याही फौजेने मिळविला नसेल. भिंत पंधरा दिवसांनी लोखंडी यंत्र आणोन पाडिली, तेही लिहिले पाहिजे. मग वरिष्ठ दरबाराचा खलिता आला की, मंजूर संहितेत तट पडतो, श्रुतिकेत उभा राहिला, याचा खुलासा तत्काळ करावा. घाबरट विश्रामपंतांनी त्याच दिवशी, स्वहस्ते, एका ओळीत उत्तर दिले: "बारा माणसे लावून पाहिली, पडला नाही."

येणेप्रमाणे वेढा उठला, गड राहिला. देखिले, ऐकिले तैसे लिहिले. ज्यास संशय, त्याने भिवास पुसावे.