पुरावा क्रमांक सात

अकोटच्या आमच्या गल्लीत दिगांबरभाऊंच्या अंगणात सिमेंटचे एक दगड झालेले पोते पडले आहे. त्यावर कोणी टेकले की घरातून दिगांबरभाऊंचा आवाज येतो, "उठा, तो पुरावा हाय." पोत्यावर खडूने चार हा आकडा आहे. सुतळीने वेढलेला वाळूचा ढीग पाच, गंजलेल्या सळया सहा, आणि उरलेल्या विटांवर, एकेका विटेवर स्वतंत्रपणे, सात. शेजारच्या मांजरीने वाळू उकरली, तेव्हा पुराव्यात फेरफार केल्याबद्दल तिच्या मालकिणीला लेखी समज गेली होती.

एवढ्यावरून गल्ली त्यांना चक्रम ठरवते. मी अकोल्याच्या न्यायालयात तीस वर्षे कारकुनी केली आहे आणि ऐकीव पुरावा मला मान्य नाही. प्रत्यक्ष जे घडले, ते असे.

दिगांबरभाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी चार मिनिटे उशिरा सुटली, तर नोंदवहीत तीन लिहिण्याचे पाप त्यांच्या हातून घडले नाही. वहिनींच्या डाव्या अंगावरून वारे गेले, त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या, आणि यांनी जुने घर पाडून बिनपायऱ्यांचे नवे बांधायला काढले. करारात एक कलम खास त्यांच्या हट्टाने घातलेले होते: स्वयंपाकाचा ओटा कमी उंचीचा, खालून मोकळा, खुर्ची आत सरकेल असा. अमरावतीच्या ठेकेदाराने भिंती उभारल्या, स्लॅब टाकला आणि एका सकाळी मिक्सर उचलून चिखलदऱ्याच्या कुठल्याशा हॉटेलाच्या कामावर नेला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. ओटा राहिला तो राहिलाच.

गल्लीत सांगतात की पुढची वाट वकिलाने दाखवली. साफ खोटे. वाट मी दाखवली. आधी रजिस्टर पोस्टाने मुदतीची नोटीस. दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोगाकडे तक्रार. दिवाणी दाव्याचा मार्ग आहेच. आणि पहिल्यापासूनच फसवण्याचा हेतू होता असे दिसले, तरच पोलीस. आयोगाने नेमलेला अभियंता पाहणी करीपर्यंत, मी बजावले, सारे जैसे थे ठेवा.

ते दोन शब्द त्यांनी जे धरले ते सोडलेच नाहीत. भिंतीला खिळा नाही, दाराला रंग नाही. वहिनी म्हणाल्या, अंगणात तुळस लावू. "जैसे थे." आठ महिने ते स्वतः जमिनीवर गॅस ठेवून रांधत होते, आणि वहिनी कोऱ्या भिंतीसमोर बसून ते कच्चे वरण निमूटपणे गिळत होत्या. रोज सकाळी सातला ते टेप घेऊन त्या भिंतीचे माप घेत. तिथे खडूची एक आडवी रेघ होती. मी ती पुराव्याचीच समजत होतो.

पाहणीच्या दिवशी मी दहाला पोहोचलो, आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकलो. आत ओटा उभा होता. विटांचे दोन खांब, वर फरशी, सांध्यांतून ओला चिखल.

"पाडा," मी म्हणालो. "साहेब अर्ध्या तासात येतील. समोरचा वकील म्हणेल, यांनीच जागा बदलली."

"नाई पाडत."

"आठ महिने मांजरीला वाळू उकरू दिली नाही तुम्ही!"

"काल ही म्हणे, मले एक भाकर थापू द्या." त्यांनी हाताचा चिखल धोतराला पुसला. "मी थांबून राहिलो ना, भाऊ. हिले काहून थांबवू?"

एवढ्यात गाडी आली. अभियंत्यामागून ठेकेदार आत शिरला. ओटा पाहून तो क्षणभर गडबडला, पण क्षणभरच. "हा पाहा साहेब, ओटा. करारात होता तसाच. काम तर पूर्ण आहे."

दिगांबरभाऊ गप्प बसले तर ओटा ठेकेदाराचा ठरणार, बोलले तर फेरफार यांच्या माथी.

"हा मी बांधला," ते म्हणाले. "आज सकाळी. लिहून घ्या."

ठेकेदार हसला. "काका, तुमी कवापासून गवंडी झाले?"

अभियंता गुडघ्यांवर बसला. खांबाच्या विटेवर खडूचा सात होता. शेजारच्या विटेवर सात. त्याने तक्रारीसोबतची छायाचित्रे काढली, अंगणात जाऊन विटा मोजल्या. ओट्यात होत्या तेवढ्याच तिथे कमी होत्या. ठेकेदाराचे हसू आटले.

"पण तुम्ही जागा बदलली, हेही मला लिहावं लागेल," अभियंता म्हणाला.

"लिहा ना. खरं हाय ते."

निकाल अजून यायचा आहे. दिगांबरभाऊंनी स्वतःच स्वतःचा दावा बुडवला, असे गल्ली म्हणते. मी तिथे होतो, गल्ली नव्हती. मात्र "जैसे थे"चे खूळ त्यांच्या डोक्यात मी भरले, असेही म्हणतात; त्यावर माझी हरकत नाही. आयोगाची परवानगी काढा, फोटो आणि नोंद करून ओटा दुसऱ्याकडून बांधून घ्या, एवढे सांगणे माझ्याकडून राहिले होते.

सगळे गेल्यावर त्यांनी खुर्ची ओट्याखाली सरकवली. खुर्चीचे हात बरोबर भिंतीवरच्या त्या खडूच्या रेघेला आले. वहिनींनी एका हाताने भाकर थापली. तिला कुठलाच आकार नव्हता. दिगांबरभाऊ टेप हातात धरून उभे होते, पण मोजत काहीच नव्हते.

ती पहिली भाकर वहिनींनी माझ्या पानात वाढली. मी मान वर न करता खाल्ली.