गादीखालचा अंक

माझ्याबद्दल मीच सांगणं बरं दिसत नाही, पण सुरतेत दुसरं कोणी सांगायला तयार नाही. मी शालिग्राम. दिवसा बँकेत कारकून, उरलेल्या वेळात गुप्तहेर. चपला बघून मी माणसाचं गाव ओळखतो. कधी चुकलंच, तर चपला चोरीच्या असतात.

खंडेनवमीच्या सकाळी शेजारचे मुकुंदमास्तर रडकुंडीला येऊन दारात उभे. "शालिग्राम, अंक गेला रे!"

मास्तरांना जुन्या सचित्र मासिकांचं भारी वेड. अंक आधी नाकाशी धरायचा, चित्रावरचा झिरझिरीत कागद हळूच उचलायचा, मग वाचायचं. लहानपणी वडील त्यांना अशाच एका मासिकातली रहस्यकथा दरमहा वाचून दाखवत. दिवाणजींना विष कोणी दिलं, ते शेवटच्या अंकात कळणार होतं. त्याआधीच वडील गेले. तो अंक परवा चौक बाजारातल्या रद्दीत मिळाला! सुटीत निवांत वाचू म्हणून मास्तरांनी उघडलाही नव्हता, गादीखाली दडवला होता.

"दडवला कशाला?"

"भागीरथी म्हणालीय, आणखी एक अंक घरात आला तर सगळे बंबात घालीन. तिला विचारायची सोय असती तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

वहिनी स्वयंपाकघरात असताना मी गादी उचलली. खाली झेंडूची पाकळी. चादरीवर लाल बोट उमटलेलं!

"चोर फुलवाला आहे आणि जखमी आहे," मी म्हणालो.

कोपऱ्यावरच्या फुलवाल्याचे दोन्ही हात तपासले.

"भाई, फूल लेवां होय तो लो, हाथ शुं जुओ छो?" तो खेकसला.

मग संशय फरसाणवाल्यावर. पुड्याचे कागद हुंगले, पुरावा म्हणून फाफडाही खाल्ला. कागद कालच्या वर्तमानपत्राचा निघाला, फाफडा मात्र ताजा होता.

परतलो तर बाहेरच्या खोलीत वहिनींनी झेंडू-कुंकू वाहून पूजा मांडली होती. आम्ही सरस्वतीला नमस्कार केला. मी तर 'चोर सापडू दे' म्हणून फूलही वाहिलं.

"वहिनी, तसबीर नवी वाटतं? झकास आहे."

"तसबीर कसली! जुनीची काच फुटली. यांच्या गादीखाली मासिक होतं, त्यात हे चित्र मिळालं. तेच उघडून ठेवलंय."

मास्तर झेपावले.

"हात लावाल तर खबरदार! मांडलेली पूजा उद्या उचलायची. तोवर वाचन बंद."

मास्तर मटकन बसले. "आता सगळे बंबात ना?"

"कसे घालू? मांडायच्या आधी शेवट वाचला मी. विष कोणी दिलं ते कळलं, पण का दिलं? आधीचे अंक काढा कुठे दडवलेत ते. नाहीतर शेवट आत्ता सांगते."

"नको गं बाई!" मास्तर पळाले. माळ्यावरून, ट्रंकेतून, चक्क हार्मोनियमच्या पेटीतून अंक निघाले.

"उद्या पहिल्यापासून वाचायचं. मोठ्यानं. मलाही ऐकायचंय," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांचे डोळे भरून आले. "वडीलही मोठ्यानंच वाचायचे गं."

मलाही गहिवरून आलं, पण कर्तव्य ते कर्तव्य. "विष आचाऱ्यानं दिलं," मी छातीठोकपणे सांगितलं.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी, त्या गोष्टीत आचारीच नाही."