अस्वलाची साक्ष

टुक् असा बारीक आवाज झाला, दुपारची शांतता जराशी हलली आणि पुन्हा जागेवर बसली. सूनबाईनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. घरातले काही आवाज ऐकून ऐकून ऐकू येईनासे होतात. नळाची टिपटिप, घड्याळाची टिकटिक, नवऱ्याचं "माझा मोजा कुठाय?" हा टुक्ही त्यातलाच एक.

आवाज आला होता फळीवरच्या लाल टोपीच्या कापडी अस्वलाकडून. त्याच्या पाठीवर एक पिशवी शिवलेली होती आणि पिशवीत एक पांढरी डबी. खोलीत कुणी बोललं, रडलं, नुसतं खोकलं, तरी डबी टुक् करून जागी व्हायची आणि खोलीतलं सगळं आपल्या जोडीच्या दुसऱ्या डबीला सांगायची. ती दुसरी सासूबाईंच्या स्वेटरच्या खिशात. दुपारी पाच वर्षांची ठकू झोपली, की सासूबाई डबी खिशात टाकून खाली अंगणातल्या बाकावर जायच्या. नात कुशीवर वळली तरी त्यांना कळायचं. मग त्या डबीचं बटण दाबून खालूनच म्हणायच्या, "झोप गं राणी, मी इथंच आहे," आणि वर अस्वल तसंच्या तसं म्हणायचं. आजी अस्वलाच्या पोटात राहते, अशी ठकूची बरेच दिवस समजूत होती.

आज मात्र ठकू त्या खोलीत नव्हती. सूनबाईची बैठक होती, तीही पडद्यावरची, आणि बाहेरच्या खोलीच्या डोक्यावर वरचे बिऱ्हाडकरू भिंत फोडत होते. इंटरनेट धडपणे चालेल अशी दुसरी जागा म्हणजे ठकूची खोली. सासूबाई खाली गेल्यावर सूनबाईनं झोपलेल्या पोरीला अलगद उचललं, सासूबाईंच्या पलंगावर नेऊन ठेवलं, पांघरूण घातलं, दार लोटलं. मूल हलवलं. डबी हलवायची राहिली. चूक म्हणाल तर एवढीच.

सूनबाई विज्ञान खात्यात होती. नवीन यंत्रं, नवीन शोध लोकांपर्यंत कसे न्यायचे, याचं सरकारी धोरण लिहायचं काम सुरू होतं. पहिलं पाऊल म्हणून प्रत्येक वयस्कर माणसाच्या घरात एक यंत्र लावायचं होतं. घरात कुणी पडलं, की भिंतीवरचं यंत्र आवाजावरून ते ओळखणार आणि मुलाबाळांना ताबडतोब कळवणार. यंत्र खरंच चांगलं होतं. धोरणाची पहिली चार प्रकरणं इंजिनिअरांनी लिहिली होती. पाचव्या प्रकरणाचं नाव 'समाज', आणि समाज सूनबाईच्या वाट्याला आला होता. तिनं तो वर्षभर, पोरीच्या झोपेच्या वेळा पाहून पाहून लिहिला होता. आज तो राहणार की जाणार ते ठरायचं होतं.

ठकूच्या बुटक्या टेबलापाशी गुडघे हनुवटीला लावून ती बसली. घसा खाकरला. अस्वल टुक् झालं ते याच खाकरण्यानं.

"मॅडम, पाचवं प्रकरण सुंदर लिहिलंय तुम्ही," पडद्यावरून समितीचे अध्यक्ष म्हणाले. "फारच सुंदर. आपण त्याचं एक वाक्य करू."

"कोणतं वाक्य, सर?"

"'समाजाशी सविस्तर चर्चा करण्यात आली.'"

"पण चर्चा झालेलीच नाही."

"म्हणून तर वाक्य लागतं."

शेजारच्या चौकटीतला इंजिनिअर समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, विचारलं की म्हातारी माणसं नकोच म्हणणार. यंत्राची भीती असते त्यांना. आधी बसवून टाकू. सवय होते."

इकडे खाली बाकावर काय चाललं होतं, ते सूनबाईला नंतर तिघांकडून तीन तऱ्हांनी कळलं. सासूबाईंच्या खिशात पुरुषाचा आवाज आल्यावर त्या आधी दचकल्या. मग सुनेचा आवाज ओळखून डबी बंद करायला निघाल्या. तेवढ्यात खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या, "राहू द्या की. आपल्याला कुठं कळतंय त्यातलं." बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरकाकाही म्हणाले, "सरकारी विषय आहे, आपल्या डोक्यावरून जाणार." आणि न कळण्यासाठी म्हणून तिघंही डबीवर वाकले.

वर सूनबाईला जोर चढला होता. ती मुळात भिडस्त नव्हतीच. आणि वर्षभराचं लिखाण एका वाक्यात कोंबायला निघाल्यावर तर भीड उरतच नाही.

"सर, भीती यंत्राची नसते. यंत्र आपलं काय नि कुणाला सांगेल, त्याची असते. मी खरी उदाहरणं देते. नावं गुप्त आहेत, तसा शब्द दिलाय मी. एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत."

बाकावर काका ताठ झाले.

"त्यांच्या मुलानं मनगटावर बांधायला पावलं मोजणारा पट्टा पाठवला. आकडा रोज मुलाला दिसतो. तर हे गृहस्थ तो पट्टा शेजारणीच्या शिवणयंत्राच्या पायट्याला बांधतात. ती बाई दिवसभर मशीन चालवते, हे शेजारी बसून पेपर वाचतात, आणि मुलगा म्हणतो, शाब्बास बाबा."

सासूबाईंनी हळूच मान वळवली. "काका, रोज तो आकडा माझ्या तोंडावर नाचवता ना? 'वहिनी, आज किती चाललात?' म्हणून?"

"अहो, उदाहरण आहे ते. कुणीही असेल," काका म्हणाले. "बँकेतून काय मी एकटाच निवृत्त झालोय?"

"दुसरं उदाहरण त्याच शिवणाऱ्या बाईंचं," वरून डबी म्हणाली. "त्यांना कमी दिसायला लागलंय. काळ्यावर काळा धागा दिसतच नाही. मग गिऱ्हाइकाला सांगतात, काळं कापड मला सोसत नाही."

आता काकूंची पाळी. "हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं, वहिनी."

"काळजीपोटी बोलले असेन सुनेपाशी," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तिसरं," डबीला थांबायचं नावच नव्हतं, "एक आजी. मॅनेजरांच्या आकड्याला हरवायचं म्हणून जिने चढउतार करत होत्या. गेल्या महिन्यात पायरीवरून घसरल्या. पाय काळानिळा झाला. घरात सांगितलं, डास चावला."

सासूबाईंनी सावकाश काकूंकडे पाहिलं. काकूंनी आभाळाकडे. "मी पण काळजीपोटीच," त्या पुटपुटल्या.

वर्षभरात सूनबाईनं एवढं मन लावून गुपितं गोळा केली होती; पण तिच्याही लक्षात न आलेली गोष्ट आता बाकावर उघडी पडली. स्वतःचं गुपित कुणीच सांगितलं नव्हतं. जे सांगितलं, ते दुसऱ्याचंच. तिघंही एकमेकांकडे वळले, आणि कुणी तोंड उघडणार तोच डबीतून अध्यक्षांचा आवाज आला.

"म्हणजे मॅडम, ही मंडळी लबाडी करतात, हे तुम्हीच सिद्ध केलंत. त्यांना काय विचारायचं? साधं बटण दाबायचं म्हटलं तरी हात थरथरतात त्यांचे."

भांडायला तिघांना एकमेकांपेक्षा चांगलं माणूस सापडलं.

वर, अध्यक्ष चष्मा पुसत होते. सूनबाई उत्तराची जुळवाजुळव करत होती. आणि अस्वल बोललं.

"बटण दाबलंय मी. ऐकू येतंय का तिकडं?"

सूनबाईनं सासूबाईंचा आवाज ओळखला. हे ती रोज ऐकत होती, फक्त शब्द वेगळे असायचे. तिनं अस्वलाकडे पाहिलं, रिकाम्या गादीकडे पाहिलं, आणि गेल्या दहा मिनिटांत आपण काय काय कुणाकुणाच्या कानात ओतलं, ते तिला एकदम उमगलं. शब्द दिला होता. आणि दिलेला शब्द तिनं स्वतःच अंगणात नेऊन टांगला होता.

"हे कोण बोलतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

पडदा बंद करता आला असता. नेट गेलं म्हणता आलं असतं. पण सूनबाई उठली, फळीवरचं अस्वल उचलून तिनं कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि त्याची टोपी नीट केली.

"सर, हे पाचवं प्रकरण आहे."

समितीतली सगळी तोंडं पडद्याच्या जवळ आली.

"मी पहिलं उदाहरण," अस्वल काकांच्या आवाजात म्हणालं. "पट्ट्याचं खरं आहे. पूर्वी मुलगा रोज फोन करायचा. 'बाबा, कसे आहात?' पट्टा आल्यापासून विचारत नाही. आकडा दिसतोच ना त्याला. आकडा चांगला असला की अंगठा पाठवतो, कमी पडला की बोलणी. मग मी अंगठाच घेतो बापडा."

मध्ये खरखर झाली. "इकडं द्या. अहो, बटण सोडा आधी." मग काकूंचा आवाज. "साहेब, मी दुसरी. मला कमी दिसतं, अधूनमधून धडपडते. तुमचं यंत्र लगेच मुलाला कळवणार. तो पहिलं काय करील, तर माझं मशीन विकेल. डोळ्यांचं मागाहून बघेल. तीस वर्षं त्या मशीनवर घर चाललंय, ते भिंतीवरून ऐकू येतं का तुमच्या यंत्राला?"

मग सासूबाईंचा आवाज आला, आणि अस्वलसुद्धा जरा ताठ बसल्यासारखं वाटलं.

"मी तिसरी. यंत्र मला हवंय. पडले तेव्हा जिन्यात एकटीच होते, घाबरले होते. पण पडल्यावर पहिलं कुणाला सांगायचं, ते मी ठरवणार. मुलाला कळलं तर तो मला उद्यापासून अंगणात सोडणार नाही. मला या काकूंना कळवायचंय. त्या धावत येतात आणि ओरडत नाहीत." क्षणभर थांबून अस्वल म्हणालं, "मागाहून सगळीकडं सांगत सुटतात, ती गोष्ट वेगळी."

इंजिनिअर कागदावर काहीतरी खरडत होता. "कुणाला कळवायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हे करता येईल," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "फारसं अवघडही नाही. आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही कुणाला विचारलंत?" सूनबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती.

अध्यक्षांनी आपल्या खोलीत डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांच्यामागे नातवंडांची असावीत अशी काही खेळणी होती, त्यांच्यावरही नजर टाकली.

"मॅडम, मागच्या बैठकीला तुम्ही कुठं बसला होतात?"

"बाहेरच्या खोलीत."

"तिथं अस्वल नाही ना?"

"नाही, सर."

"बरं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "पाचवं प्रकरण राहू द्या. नव्हे, पहिलं करा. बाकीची चार त्याच्या मागून येतील."

"आणि ते वाक्य?"

"कोणतं वाक्य?" अध्यक्ष म्हणाले, आणि बैठक संपली.

सूनबाईनं अस्वलाला उराशी धरलं. पाय आखडले होते, कानशिलं तापली होती, पण मनातून तिला नाचावंसं वाटत होतं. पाठीवरच्या पिशवीशी तोंड नेऊन ती म्हणाली, "आई, चुकलं माझं. तुम्हा तिघांचीही माफी मागते."

"माफीचं नंतर बघू," अस्वल म्हणालं. "माझ्या मुलाला त्या डासाबद्दल सांगितलंस तर याद राख. आणि चहा टाक, तिघं वर येतोय. काका चालत येतायत, स्वतःच्या पायांनी."

"नाही सांगणार. शब्द देते." आधी दिलेल्या शब्दाची गत आठवून तिनं तो जरा घट्ट केला. "आजपासून या घरात कुणाचंही बोलणं त्याला विचारल्याशिवाय कुठलंही यंत्र ऐकणार नाही. जो नियम देशाला, तोच घराला."

वाक्य फार झकास जमलं होतं. धोरणाच्या प्रस्तावनेत टाकावं, असंही तिच्या मनात आलं.

दाराशी ठकू उभी होती. एका गालावर उशीची घडी उमटलेली, एका पायात मोजा.

"मी आजीच्या पलंगावर कशी गेले?"

"मी नेलं, पिल्लू. कधी उठलीस?"

"मघाशीच. हाक मारली, कुणी आलंच नाही." तक्रार नव्हती, नुसती बातमी होती. ठकू येऊन आईच्या मांडीवर चढली. "अस्वल कुणाशी भांडत होतं?"

सूनबाईनं तिचे केस मागे सारले. यश ताजं होतं आणि ऐकायला आपलंच माणूस होतं. "भांडत नव्हतं गं. मोठ्या लोकांना सगळ्या आजीआजोबांच्या घरी एक यंत्र लावायचं होतं. ते घरातलं ऐकणार आणि दुसऱ्याला सांगणार. मग आम्ही म्हटलं, ज्याचं ऐकायचंय, त्याला आधी विचारायला नको?"

"मग?"

"मग ते म्हणाले, बरोबर आहे. विचारायलाच हवं."

ठकूनं थोडा वेळ विचार केला. अस्वलाला पालथं केलं, पाठीवरच्या पिशवीत दोन बोटं घातली आणि डबी बाहेर काढली. कोपऱ्यांवर पांढरा रंग उडाला होता. ठकूच्या आठवणीच्याही आधीपासून ती त्या खोलीत होती.

"ही माझं ऐकते आणि आजीला सांगते ना?"

"हो."

"मी रडते तेपण?"

"हो, म्हणजे आजीला काळजी..."

"मी अस्वलाला गुपित सांगते तेपण?"

जिन्यात तीन जोड पावलं वाजत होती, त्यांतली एक जोडी बरीच धापा टाकत. ठकूनं डबी नाकाजवळ धरली आणि आईकडे पाहून अगदी साध्या आवाजात विचारलं,

"मग मला कधी विचारलं?"

डबी टुक् करून जागी झाली, आणि जिन्यातून, वर येणाऱ्या सासूबाईंच्या खिशातून, तोच प्रश्न पुन्हा एकदा वर आला.