पाल या शब्दावरून पडलेल्या पेचाची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न. जिव्हा एक, भाषा दोन, उभयतांस नमन करून वर्तमान लिहिले ऐसे जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिकमासी, प्रातःकाळी दूध तापतेसमयी राजकन्या इनिया, वय वर्षे तीन, यांनी "पाल!" म्हणून आरोळी दिली. राज्य दोन भाषांचे. मातुःश्री सुलक्षणाबाई मराठी बोलत, पिताजी सेंथिलराव तमिळ बोलत, आणि कन्येने दोन्ही दौलती राखाव्या ऐसा लग्नसमयीच तह जाहला होता. तमिळात पाल म्हणजे दूध, आणि कन्येस दूधच हवे होते. परंतु मुक्कामास आलेल्या आऊसाहेब, म्हणजे सुलक्षणाबाईंच्या आई, यांनी मराठी अर्थ घेतला आणि केरसुणी उपसून "कुठाय गं मेली? दाखव!" म्हणत ओट्यावर चाल केली, मग पेला उलटला, दूध सांडले, आणि कन्या भिऊन कोपऱ्यात दडली. सेंथिलरावांस हसू आवरेना. आऊसाहेब कोपल्या, "हसताय काय जावईबापू? भाषांची खिचडी केलीत लेकराच्या डोक्यात. काय ती एक ठेवा!" राव शिकाऊ मराठीत वदले, "ठेवतो, आई. कुठला भाषा ठेवू?"

त्या दिवसापासून कन्येने बोलणेच टाकिले. हवे ते बोटाने दाखवी. सुलक्षणाबाईंचा जीव टांगणीस लागला. "चिऊ, दूध म्हण ना," म्हणत, मग "बरं, पाल म्हण," म्हणत, आणि कन्या ओठ मिटून घेई. अखेर राव हळूच म्हणाले, "तूच बोल तिच्याशी. मी गप्प बसतो." आणि खरेच गप्प बसले. तेव्हा घरात मराठी एकटीच उरली आणि बाईंस ती आपलीच असून परकी वाटू लागली, आणि मदुरेच्या आजीचा, म्हणजे रावांच्या आईंचा, फोन वाजला की उचलण्यास हात धजेना.

आज प्रातःकाळी बाईंनी पेला पुढे ठेविला. कन्येने बोट उचलिले आणि अगदी हळू म्हणाली, "पाल."

"सेंथिल, अरे बोलली!" बाई ओरडल्या, आणि मग त्यांची दृष्टी पेल्यामागे भिंतीवर गेली. तेथे खरोखरीची पाल होती. राव पेल्याकडे सरसावले, आऊसाहेब केरसुणीकडे. बाईंनी दोघांस हाताने अडविले. "कुणी हलू नका. तिला पुन्हा म्हणू दे."

तात्पर्य इतकेच की, कन्या बोलली हे खरे. कोणत्या भाषेत, ते ठरले नाही. दूध निवते आहे. पाल जागची हललेली नाही.