अंगणातली बोट

श्रीमंतांवर मात कशी करायची, हे अख्ख्या ओहायोत फक्त मला कळलंय, असं मी छातीठोकपणे सांगत होतो!

आमची डेला एकाच कॉलेजवर अडून बसली होती. तिथे नोव्हेंबरातच अर्ज करून 'घेतलंत तर येणारच' असं लिहून द्यायचं, म्हणजे जागा मिळायची शक्यता वाढते. फीमध्ये सवलत किती, ते मात्र प्रवेश मिळाल्यावर कळणार! भाव न विचारता सोफा घरी आणण्यातला प्रकार. ज्यांना भाव विचारावाच लागत नाही, त्यांची चंगळ!

"सही कर," मी म्हणालो. "बाकीचं माझ्यावर सोड."

"बाबा, तू काहीही करू नकोस. प्लीज!"

मुलाखतीला कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी केटरिजबाई आमच्या घरी येणार होत्या. घर कसं खातंपितं दिसायला हवं! मी मेव्हण्याची, ड्वाइटची, शिडाची बोट आणून अंगणात उभी केली.

"तुमची?" बाईंनी विचारलं.

"हो तर! वसंतात या, फिरवून आणतो. शब्द देतो!"

डेलाने टेबलाखालून अशी लाथ मारली की नडगी अजून दुखतेय.

डिसेंबरात प्रवेश मिळाला. आम्ही नाचलो! आणि सवलत? नावापुरती. मी तणतणत फोन केला.

"मुलाखतीच्या टिपणात तुमच्या बोटीचा उल्लेख आहे," तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली. "सवलतीच्या अर्जात मात्र ती दिसत नाही."

एवढी फी भरणं आमच्याच्याने शक्यच नव्हतं. सवलत पुरत नसेल तर जागा सोडता येते, पण डेला म्हणाली, "सोडणार नाही. मी खरं ते कळवते. तू मामाकडून बोटीचे कागद आण."

ड्वाइटकडे गेलो, तर तो घामाघूम!

"कागद कसले, दाजी? बोट भाड्याची आहे! आमच्या पोराच्या मुलाखतीसाठी आणली होती."

"अरे गाढवा!"

"तुम्ही कोण मोठे शहाणे?"

शेवटी डेलानेच बोटवाल्याकडून भाड्याची पावती आणली, सगळं कबूल करून कॉलेजला पाठवलं आणि उत्तर येईपर्यंत रोज फोन करून त्यांना भंडावून सोडलं. सवलत वाढली. पोरगी जाणार! मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडलो, सांगायला कसली लाज?

एप्रिलात केटरिजबाईंचा फोन आला.

"रविवारी बोटीवर कधी येऊ?"

"बाई, ती बोट माझी नाही हो!"

"कळलंय मला. शब्द तर तुमचा होता ना? आमच्याकडे एकदा 'येणारच' म्हटलं की मागे फिरता येत नाही!"

बोटीच्या भाड्यात काही सवलत मिळते का, एवढंच मी बाईंना विचारत होतो. तेवढ्यात डेलाने माझ्या हातातून फोन काढून घेतला.