नसलेल्या पंख्यांची मोहीम

हरएक लढाईची हकीकत जिंकणारा लिहितो आणि हरणारा ती वाचोन नाक मुरडतो, ऐसा जगाचा दस्तूर. सबब वडील मंडळींनी आज्ञा केली की, महाविद्यालयाचे संगणकखोलीत लुटुपुटीच्या कंपन्यांचे जे तुंबळ युद्ध जाहले, त्याचा मजकूर साद्यंत लिहावा, पदरचा मसाला घालू नये. त्यावरोन लिहिले आहे. मसाला चिमूटभर पडला असेल, त्यास इलाज नाही.

युद्धाची रीत ऐसी की, पाच पथके, आणि हरएक पथकास संगणकाचे आत टेबलपंख्यांची एक कंपनी बहाल. पंखा एकही नाही, कारखाना नाही, कामगार नाही. परंतु भाव ठरवावा, जाहिरात करावी आणि मग बटण दाबावे, म्हणजे यंत्र नफातोटा जाहीर करी. येणेकरोन पोरांचे अंगी व्यापारी नेतृत्व बाणेल, ऐसी पंच सरांची खातरजमा. सरांचे फर्मान भिंतीस चिकटपट्टीने डकविले होते की, नफा आणि परीक्षकांचे गुण मिळोन क्रमांक लावावा, शेवटले येईल ते पथक मोडावे आणि त्यातील माणसे इतरांत वाटोन द्यावी.

फर्मान वाचोन चार पथके हसली आणि पाचव्याचे तोंडचे पाणी पळाले. कारण पाचवे पथक उरलेल्यांचे. सरनायक मुकादमबाई, ज्यांनी आधीच्या पथकात पंच सरांनाच फळा पुसावयाचा हुकूम सोडिला होता. दुसरे ग्रंथराव, नेतृत्वावरील तमाम पुस्तके कोळून प्यालेले आणि दर बैठकीत ओकणारे. तिसऱ्या काकू, वयाने सर्वांत लहान, परंतु हरलेल्या गनिमास पाणी देऊन पाठीवरोन हात फिरविण्याची खोड, सबब कोणी ठेवोन घेईना. चौथे मौनीबुवा, ज्यांस काढिले नव्हते, विसरले होते. ऐशी ही चार डोकी एकमेकांस कशीबशी सापडली होती आणि पुन्हा परक्यांचे दारी उभे राहणे चौघांसही मरणप्राय होते.

पहिल्या फेऱ्यांत पथक रडतखडत चालले. मग शेवटली फेरी आली, आणि शत्रू माघारी फिरावा ऐशा समयी घरातच दंगा उसळला. खोलीत चाकांची खुर्ची एकच. मुकादमबाईंनी जाहीर केले की, कंपनीचा मुख्य तोच, जो त्या खुर्चीवर बसेल.

"मी लीडर आहे, मी बसणार," त्या म्हणाल्या.

"खरा नेता कधी बसत नाही," ग्रंथराव उत्तरले, "तू उभी राहा."

त्यावर शब्दास शब्द लागला, इभ्रतीचा सवाल जाहला, एकाने खुर्चीची पाठ धरिली आणि दुसरीने तिचा हात धरिला, आणि काकूंनी मध्यस्थीचा तह मांडिला की, खुर्ची मौनीबुवांस द्यावी. तेव्हा कळले की मौनीबुवा पहिल्यापासोनच खुर्चीत बसले आहेत. या गडबडीत मुदत सरली आणि बटण दाबावयाचे राहिले.

यंत्राचा कायदा ऐसा की, हुकूम न आल्यास मागला भाव तसाच पुढे चालवावा. तिकडे चार पथकांनी एकमेकांस बुडवावयाचे ईर्ष्येने पंखे स्वस्त, अतिस्वस्त, मग जवळपास फुकट केले आणि ती चारही गळ्यापर्यंत तोट्यात गेली. उरलेल्यांनी काहीच केले नाही, सबब त्यांचा जय जाहला. पथक वाचले म्हणोन काकूंचे डोळे भरोन आले आणि ग्रंथरावांस प्रथमच एकही सुवचन आठवेना.

इतक्यात परीक्षक म्हणोन आलेल्या कारखानदारबाईंची स्वारी उठली. त्यांनी बक्षीस जाहीर केले की, विजयी पथकाचे चौघे ऐसे गुणी, की त्यांस पुढील साली नव्या मुलांचे चार वेगवेगळ्या पथकांचे नायक नेमावे. टाळ्यांचा कडकडाट जाहला.

"म्हणजे हरलो असतो तरी वाटणी, आणि जिंकलो तरी वाटणीच?" काकू हळूच म्हणाल्या.

मग मुकादमबाई काळजावर दगड ठेवोन उभ्या राहिल्या. "मॅडम, आम्ही काही केलं नाही हो. खुर्चीवरून भांडत बसलो आणि बटण दाबायचं राहिलं."

कारखानदारबाई सद्गदित जाहल्या आणि ऐसा प्रांजळपणा लाखांत एखादा, म्हणोन गुण वाढविले. मग मौनीबुवा, ज्यांचा आवाज कोणी ऐकिला नव्हता, बोलते जाहले की, आम्हांस पहिला नंबर नको. तो निःस्पृहपणा पाहोन आणखी गुण पडले. पराभव जितका मागावा, तितका विजय अंगावर येऊ लागला.

तेव्हा नियम पाठ असलेल्या ग्रंथरावांनी कानात सांगितले की, परीक्षकांसमोर पथकात बेबनाव दिसल्यास गुण वजा होतात. हुकूम सुटला की, ताबडतोब भांडावे. परंतु चौघांची मते आयुष्यात प्रथमच जुळलेली, भांडण कोठोन आणावे?

"ग्रंथ्या, सुरू कर," मुकादमबाई म्हणाल्या.

"तू लीडर ना? तू कर."

"आत्ता बरी मी लीडर! खुर्चीच्या वेळी कुठे गेलं होतं हे शहाणपण?"

"दोघंही गप्प बसा," काकू कडाडल्या, "सुरुवात मी करणार."

"तू कोण करणार? माझा विचार होता," मौनीबुवांनी टेबलावर हात आपटिला. आणि मग जे रण पेटले, त्यात खोटे काही राहिले नाही. फळा पुसणे निघाले, सुवचने निघाली, कोणी कोणास कधी विसरले तेही निघाले. पंच सर लाल पेन घेऊन गुण कापीत सुटले. कारखानदारबाईंनी पदर तोंडास लाविला, त्या हसत होत्या की खंत करीत होत्या, हे बखरकारास ठाऊक नाही. बेरीज जाहली तेव्हा उरलेले दुसरे आले होते. पहिले ठरलेल्या पथकाने नाचून घेतले, मग बक्षिसाचा अर्थ ध्यानी येताच ते खाली बसले, आणि काकू पाणी घेऊन त्यांजकडे गेल्या.

येणेप्रमाणे उरलेल्यांनी मोठ्या शर्थीने दुसरा क्रमांक हस्तगत केला, पथक शाबूत राखिले, हे दप्तरी रुजू असावे. भांडण मात्र त्या दिवशी मिटले नाही. चौघेही एकाच बसने, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, एकाच बाकावर दाटीवाटीने बसोन घरी गेले.