दोनदा वाजणारी चूक

टिपणीसांच्या टेंभी नाक्यावरच्या घराला दार एकच होतं, पण ते उघडायला लावायच्या रीती तीन. दूधवाला कडी वाजवायचा, पाहुणे बेल दाबायचे आणि टिपणीसांची आत्या खालूनच "अरविंदा!" अशी हाक मारायची. बेल बसवून दहा वर्षं झाली तरी कडी काढलेली नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मिस वैद्य, बेल मी माझ्या हौसेने बसवली. दूधवाल्याने काय गुन्हा केलाय? त्याची वहिवाट आहे."

वहिवाट हा त्यांचा लाडका शब्द. आम्ही दोघं नोकरीला होतो ती रंगांची कंपनी कोलशेतला होती. तिच्या कंपाउंडच्या भिंतीत, खाडीच्या बाजूला, एक छोटं लोखंडी दार होतं. कंपनी येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळीवाड्यातली माणसं तिथून ये-जा करत, म्हणून भिंत बांधताना तेवढी वाट सोडावी लागली होती. मी नोकरीला लागले त्या दिवशी टिपणीसांनी कॉम्प्युटर दाखवायच्या आधी मला ते दार दाखवलं. "भिंत नवी, वाट जुनी. आपण भिंत बांधायची, वाट अडवायची नाही. कळलं?" मला काहीही कळलं नाही. हे गृहस्थ नक्की कॉम्प्युटर विभागातलेच ना, अशी शंका मात्र आली.

होते, आणि कसे! ज्या काळात बाहेरून काही मागवायचं म्हणजे परवान्यांसाठी चपला झिजवाव्या लागत, त्या काळात या माणसाने कंपनीच्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः लिहिली होती. म्हणजे बाकीचे सगळे प्रोग्रॅम ज्याच्या जिवावर चालतात, तो मूळ प्रोग्रॅम. त्याचा त्यांना भयंकर अभिमान. घरून आणलेल्या, आजोबांच्या वेताच्या खुर्चीत रेलून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माझ्या कोडात चूक दाखवा आणि ही खुर्ची घेऊन जा!" खुर्ची बारा वर्षांत जागची हलली नव्हती. माझा तिच्यावर डोळा होता, कारण मला मिळालेली लोखंडी खुर्ची साड्या फाडायची.

नव्वदनंतर नवं मशीन आलं. त्यावर जुना कोड चालणार नव्हता. मॅनेजर म्हणाले, आयती सिस्टिम विकत घेऊ आणि आपले प्रोग्रॅम पुन्हा लिहू. टिपणीस म्हणाले, "आणि रोज ते वापरणारी माणसं? तीही पुन्हा लिहिणार का?" त्यांचा हट्ट असा, की सिस्टिम आपणच नव्याने लिहायची आणि शंभरावर जुने प्रोग्रॅम एक अक्षर न बदलता तिच्यावर चालवून दाखवायचे. आम्हाला सहा महिने मिळाले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि शहाणपणा नुसता उतू चाललेला. जुन्या कोडात मला जागोजागी अडगळ दिसायची.

"हे काढू?"

"आधी कोण वापरतं ते बघा."

"कुणीच नाही."

"कुणीच म्हणजे कोण कोण? विचारून या."

मग मी उन्हातान्हात सगळ्या शेड फिरून, विचारून यायची. मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणायची ते इथे लिहीत नाही.

आणि एक दिवस मला खरीखुरी चूक सापडली. नोंद बरोबर असली की टर्मिनल, म्हणजे मशीनला जोडलेला पडदा आणि कळफलक, एकदा वाजायचं. चुकीची असली की पडद्यावर तसं लिहून यायचं, आणि तेव्हाही एकदाच वाजायला हवं होतं. पण वाजायचं दोनदा. एकच हुकूम दोन ठिकाणी लिहिला गेला होता. टिपणीस नवरात्राच्या रजेवर होते. चूक कोण वापरतं हे कुणी विचारत फिरतं का? मी ती काढली, नवी सिस्टिम चाचणीसाठी माल पाठवायच्या शेडमध्ये चढवली आणि खुर्ची कुठे ठेवायची याचा विचार करू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेडबाहेर ट्रकांची रांग लागली. तिथल्या टर्मिनलवर काशिनाथकाका बसायचे. कोळीवाड्यातले, रोज त्या लोखंडी दारातून येणारे, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले. हमाल पिंपांचे आकडे ओरडून सांगायचे आणि काका कळा दाबायचे. त्यांच्या कितीतरी नोंदी मशीनने नाकारल्या होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"बाय, चूक सांगाला मशीन मुकी झाली गो," ते म्हणाले. "काल बोलत होती."

"अहो काका, पडद्यावर लिहिलंय की समोर!"

"हा हा, दिसला ना," असं म्हणत त्यांनी बोट ठेवलं ते पडद्याखाली चिकटवलेल्या, मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या नावाच्या बिल्ल्यावर.

काकांना ती अक्षरं दिसतच नव्हती. कळा बोटांना पाठ होत्या. बरोबर की चूक ते कानाने ओळखत. एकदा वाजलं की पुढे, दोनदा वाजलं की पुन्हा. हे वर कळलं असतं तर डॉक्टरांची तपासणी आणि दुसऱ्या दिवशी घरी.

"कुनाला सांगू नको गो," एवढंच ते म्हणाले.

मी तडक टेंभी नाका गाठला. कडी, बेल आणि हाक, तिन्ही एकदम वापरल्या. टिपणीसांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोनदा वाजवा. पुन्हा होतं तसं." माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

अखेर मॅनेजरांपुढे प्रात्यक्षिक झालं. एकेक जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर असा चालला, की आमची छाती फुगली. मग मॅनेजरांनी मुद्दाम एक चुकीची नोंद केली. टर्मिनल दोनदा वाजलं.

"हे दोनदा का?"

मी खाली बघू लागले. टिपणीस उभे राहिले. "माझी चूक आहे. बारा वर्षं जुनी. मिस वैद्यांनी शोधली."

"मग काढून टाका."

"नाही काढता येणार. वहिवाट आहे."

मॅनेजरांनी कपाळाला हात लावला आणि सिस्टिम मंजूर केली. पण माहितीपुस्तिकेत 'राहिलेल्या चुका' या मथळ्याखाली टिपणीसांचं नाव छापलं गेलं. त्या पानावर दुसरं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेताची खुर्ची माझ्या टेबलापाशी होती आणि टिपणीस माझ्या लोखंडी खुर्चीत.

महिन्याभराने कपाट आवरताना मला जुन्या कोडाचे, तारखा घातलेले छापील गठ्ठे सापडले. ती चूक टिपणीसांना पाच वर्षांपूर्वीच दिसली होती. त्यांनी काढलीही होती. दोन दिवसांनी पुन्हा घातली होती, आणि शेजारी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: 'काशिनाथ'.

मी गठ्ठा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. "ही चूक नव्हतीच. खुर्ची परत घ्या."

त्यांनी गठ्ठा माझ्या हातातून घेऊन ड्रॉवरमध्ये टाकला. "मग दोनदा का वाजतं, ते सगळ्यांना सांगावं लागेल," ते हळूच म्हणाले. "जा, बसा खुर्चीत."

काशिनाथकाका तीन वर्षं पुरी करून, गळ्यात हार घालून, त्या लोखंडी दारातून घरी गेले, म्हणून आज हे सांगते आहे. त्या संध्याकाळी मी खुर्ची उचलून टिपणीसांच्या टेबलाशी नेली. या वेळी त्यांनी ती घेतली.